बेगमचा उपास

माझं काम ओरडण्याचं होतं. दालमिलच्या ओट्यावर तूर वाळत पडलेली असे, तिच्यावर पाखरं उतरत, आणि मी ओरडून ती उठवत असे. ऊन ओट्यावर आलं की सुरू, ऊन उतरलं की बंद. लातुरातल्या एकाच मिलमध्ये मी हे काम केलं, केस काळे होते तेव्हापासून ते पांढरे होईपर्यंत.

ज्यांनी मला घरात पाहिलं आहे त्यांना हे खरं वाटत नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते. दुकानात माझ्या मागून आलेली माणसं माझ्याआधी सामान घेऊन जातात. पण ओरडताना एक सोय असते. माणूस ओरडला की सगळे पाखरांकडे बघतात, ओरडणाऱ्याकडे कोणी बघत नाही. शिवाय मी तोंडावर पदर धरून ओरडत असे.

सून म्हणते, "आई, दिवाळी अंकात लोक आपापल्या नोकरीचं लिहितात. कोणी पोस्टातलं, कोणी एसटीतलं. तुम्ही बी लिहा की." दुपारी घर रिकामं असतं म्हणून लिहिते आहे. छापायला द्यायचं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवलं आहे.

मी नायगावकडची. चौथी पास झाले आणि वडिलांनी मला ज्वारीच्या माळ्यावर चढवलं. शेतात चार खांबांवर फळ्या टाकून माळा करतात, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. माझी हाळी तिथली आहे. "हुर्रर्र हाऽऽ!" शेवटचा हाऽऽ लांब न्यायचा आणि एकदम तोडायचा. पाखरू आवाजाला भीत नाही, आवाज तुटला की भितं. लग्न होऊन लातूरला आले, मालक गेले, पोरं लहान होती. मुकादमानं विचारलं, "काय येतं तुला?" मी खाली बघून म्हटलं, "पाखरं हाकता येतात." तो हसला, पण त्याला तेच पाहिजे होतं.

तुरीची डाळ होते कशी, हे खाणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं. तूर आधी चाळतात, मग घासणीतून काढतात म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. मग तिला तेल चोळून ढीग लावून दाबून ठेवतात. तेल आत मुरलं की तूर सिमेंटच्या मोठ्या ओट्यावर पसरायची. संध्याकाळी गोळा करायची, पाणी मारायचं, ताडपत्रीनं झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायची. असं टरफल सुटेपर्यंत. पसरलेल्या तुरीतून आम्ही बाया अनवाणी पाय ओढत चालायचो, नांगराच्या तासासारखी तासं पडायची आणि खालचा दाणा वर यायचा. तेलानं आमचे तळवे इतके मऊ की घरच्या फरशीवर पाय घसरायचे.

तेल लावलेली तूर पाखरांना फार आवडते. पारवे बारा महिने. थंडीत भोरड्या येत, ढगासारख्या, उठल्या की ओट्यावर सावली फिरायची. एकदा मुकादमाला वाटलं की बुजगावणं उभं केलं तर माझी मजुरी वाचेल. त्यानं स्वतःचा जुना सदरा आणि टोपी काठीला घातली. दोन दिवसांत पारवे टोपीवर बसून पंख साफ करायला लागले. बाया म्हणायच्या, "मुकादमसाब, तुमच्या डोक्यावर बसून राहिलेत बघा." बुजगावणं गेलं, मी राहिले.

आमचे शेठ चांगले होते. रोज सकाळी फाटकाबाहेर पारव्यांना ज्वारी टाकत, स्वतःच्या हातानं, पुण्याचं काम म्हणून. नंतर फाटकाच्या आत मी त्याच पारव्यांना दिवसभर हाकलत असे. पारवे आम्हा दोघांनाही ओळखत होते.

आता बालाजीचं लिहिते. त्याच्यासाठीच वही घेतली आहे.

बालाजी मुरुडचा. बाप किसन आमच्या मिलमध्ये हमाल होता. ट्रकला फळी लावलेली असते, हमाल पाठीवर पोतं घेऊन ती चढतो. किसन फळीवरून पोत्यासकट खाली आला आणि कंबरेतून गेला. खाटेवर पडला तो पडलाच. हमालांच्या टोळीचा एक रिवाज होता. माणूस निकामी झाला तर त्याची जागा त्याच्या पोरासाठी राखून ठेवायची, पण कायमची नाही, दोन दसऱ्यांपुरती. टोळी दसऱ्याला पोती उचलायच्या आपल्या हुकांची पूजा करते, नवीन नावं त्याच दिवशी दुपारच्या आत घालते. दुसऱ्या दसऱ्याच्या दुपारपर्यंत पोरगा आला नाही तर जागा दुसऱ्याची.

बालाजी तेव्हा सतरा वर्षांचा असेल. नववीत शाळा सुटलेली. अंगानं काडी. मान इतकी बारीक की सदऱ्याची कॉलर लोंबायची. तो पहिल्यापासून म्हणायचा, "मावशे, मी फळी चढणार न्हाई. बापाला पडताना मी पाहिलंय." मग झाडलोट कर, पाणी मार, ताडपत्री ओढ, असं काहीतरी रोजावर करायचा. त्याला ओट्यावरच्या हजेरीत कायमचं नाव पाहिजे होतं. पण ओट्यावर बायांना घेत, पुरुषाला कशाला घेतील?

उन्हाळ्याच्या शेवटी वजनकाट्यासाठी जागा करायला फाटकाजवळचा लिंब तोडला. झाड पडलं तशी घरट्यातली दोन पिलं खाली आली. एक मेलेलं. दुसरं पांढऱ्या कापसाचं, डोळे मोठे, चोच वाकडी, चोचीतून रागानं फिसकारत होतं. बालाजीनं ते सदऱ्यात घातलं.

आमचा वॉचमन चाँदपाशा म्हातारा माणूस. त्याचा आजा निजामाच्या काळात एका जहागीरदाराकडे शिकारीचे बाज पक्षी सांभाळायला होता. चाँदपाशानं स्वतः आयुष्यात बाज धरला नव्हता, पण लहानपणी ऐकलेलं सगळं पाठ होतं. त्यानं पिलू उलटं करून पाहिलं. "बाज नै रे, शिकरा है. मादी है. मादी जास्ती अच्छी, नर से बडी रहती." मग तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "देखो कैसी देखती, जैसे हम इसके नौकर. बेगम है ये."

तेव्हापासून ती बेगम.

पावसाळ्यात ओटा बंद असतो. त्या दिवसांत बालाजीनं तिला शिकवलं. पायात मऊ चामड्याची वादी, हातात पोत्याच्या जाड पट्टीचा आणि चामड्याचा शिवलेला मोजा. पहिल्यांदा तो तिला घेऊन नुसता हिंडायचा, गंजातल्या बाजारात, ट्रकच्या गर्दीत, म्हणजे तिची माणसांची भीती जावी म्हणून. कोंबडीच्या दुकानातून माना आणायचा आणि मुठीवर ठेवून भरवायचा. मग लांब दोरीवर उडवायचा. मग एक पारवा धरून आणला, त्याचा पाय सुताला बांधला आणि मला म्हणाला, "मावशे, मी सोडलं की तू ओरड. तुझी हाळी अन् तिचं जेवण एकच झालं पाहिजे."

"मला जमायचं न्हाई बाबा. माणसं बघून राहिलीत."

"तुला कोण बघतंय? पदर धर अन् ओरड."

मी ओरडले. पारवा सुताच्या टोकाला फडफडला आणि बेगम मुठीवरून गेली. मला दिसलं सुद्धा नाही. हिंदी सिनेमात चाकू फेकतात तसं काहीतरी हवेतून गेलं. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. पुढं पुढं तर मी शेळीला हाकलायला ओरडले तरी बेगमची मान ताठ व्हायची आणि ती बालाजीच्या हाताकडे बघायची.

दसऱ्याला ओटा उघडला आणि त्यानं मुकादमासमोर करून दाखवलं. तुरीवर पारवे उतरले. मी हाळी दिली. बालाजीनं तिला तळहातात धरून गोफणीतल्या दगडासारखं फेकलं. ती पारव्यांच्या पाठीवरून, अगदी जमिनीलगत गेली आणि सगळे पारवे एकदम उठून रेल्वेच्या बाजूला गेले. ते दुपारपर्यंत आले नाहीत. बेगम वळून मुठीवर आली आणि आपला मांसाचा तुकडा खाऊ लागली. बाया हसून टाळ्या वाजवायला लागल्या. मुकादमानं जाऊन शेठना बोलावून आणलं.

शेठनी दोनदा पाहिलं. खूश झाले, पण त्यांचा चेहरा थोडा उतरला. म्हणाले, "मारते का ती?"

"न्हाई शेठ. नुसती पळवते."

"बघ हं. आमच्या ओट्यावर रक्त सांडायचं नाही. ही लक्ष्मी आहे, माणसाच्या ताटात जाते. ज्या दिवशी सांडलं त्या दिवशी तू आणि तुझं पाखरू बाहेर. नाही सांडलं तर पुढच्या दसऱ्याला तुझं नाव हजेरीत."

शिकारी पाखरू असं ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी मिलमध्ये कोणाला माहीत नव्हतं, किंवा ज्यांना असेल ते बोलले नाहीत.

रक्त न सांडण्याची सगळी कला तिच्या पोटात होती. चाँदपाशा सांगायचा, "पेट भरा तो जाती नै, खाली हुआ तो सुनती नै." म्हणजे अर्धपोटी ठेवायची. इतकी भूक की मुठीवरच्या तुकड्यासाठी परत यावं, पण इतकी नाही की समोरचं पाखरू सोडवणार नाही. बालाजी रोज सकाळी तिच्या छातीवर बोट फिरवायचा. छातीचं हाड किती लागतं त्यावरून तिला किती द्यायचं ते ठरवायचा. आई पोराच्या कपाळाला हात लावते तसा. तो सगळा हंगाम त्यानं असा काढला. थंडीतल्या भोरड्या सुद्धा आमच्या ओट्यावर फिरकल्या नाहीत. एक थेंब रक्त सांडलं नाही. माझं काम हलकं झालं. मी फक्त हाळी द्यायची.

किसन मात्र खाटेवरून कुरकुरायचा. मी एकदा त्याला बघायला गेले तर म्हणाला, "बाई, समजाव त्याला. हमालीचा बिल्ला पाखराच्या पायात बांधणारंय का हा? शेठचं बोलणं म्हंजे वारं. टोळीचं बोलणं म्हंजे भाकर."

बालाजी बापाला म्हणाला, "अन् तुम्ही काय खाऊन राहिलात, दादा? तीच भाकर ना?"

मी उठून आले. पण त्या बापाचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा संपला, ओटा धुतला. शेठच्या आई, आम्ही सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणायचो, त्या वर्षी गावाकडून मिलवर राहायला आल्या होत्या. फार प्रेमळ बाई. मजुराच्या पोराला जवळ घेऊन भरवायच्या. त्यांनी इंजनघरात घट बसवले. नवरात्राचे नऊ दिवस मिलच्या आवारात मांसमच्छी आणायची नाही असं सांगितलं. ते बरोबरच होतं. माणसांनी पाळलं. पण बेगम आवारात राहायची, ताडपत्रीच्या शेडमध्ये.

बालाजी मुकादमाकडे गेला. "साब, ती दुसरं काही खात न्हाई."

"नऊ दिवस माणसं उपाशी राहत्यात, तुझ्या पाखराला काय होतंय?"

मग तो थोरल्या बाईंकडे गेला. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं वाटीत दूध आणि भिजवलेली डाळ दिली. "दे तिला. देवीच्या दिवसांत पाखरांना सुद्धा सुबुद्धी होते." बायांमध्ये चेष्टा झाली, "बेगमनं घट बसवलेत गं! नऊ दिवसांचा उपास!" बेगमनं वाटीकडे पाहिलं सुद्धा नाही.

घरी न्यायची सोय नव्हती, किसनच्या खोलीत दोन खाटांत मांजर फिरायचं. बालाजी भिंतीमागच्या गवतात जाऊन टोळ धरायचा, पाली धरायचा, आणि तिथंच तिला भरवायचा. शिकऱ्याला त्यावर जगता येतं, पण नुसतं जगता येतं. आठव्या माळेला त्यानं माझं बोट धरून तिच्या छातीवर ठेवलं. हाड सुरीसारखं लागलं.

"मावशे, ही उद्या-परवा माझं ऐकणार न्हाई."

चाँदपाशानं मान हलवली. "दसरे कू मत ला इसकू. बोल दे, बीमार है."

पण शेठनी आधीच निरोप दिला होता. दसऱ्याला पाहुणे येणार, आडते येणार, त्यांना बाज दाखवायचा. मुहूर्ताची तूर पसरली की तिथंच बालाजीचं नाव हजेरीत घालायचं. आणि त्याच दिवशी रस्त्यापलीकडे चिंचेखाली टोळीची पूजा. नाही आणली तर नाव हजेरीत पडणार नाही, आणि वाट बघत राहिला तर टोळीची राखलेली जागाही त्या दुपारी जाणार. त्यानं तिला आणायचं ठरवलं.

दसऱ्याचा दिवस आमच्यात वेगळा. पांढरी साडी नेसून विहारात जायचं असतं. मिलचा मुहूर्त उरकून तसंच पुढं जावं म्हणून मी पांढऱ्या साडीतच आले होते. ओटा धुऊन स्वच्छ केलेला, मधोमध मुहूर्ताची तूर पसरलेली, त्यावर हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. पाहुणे चपला बाहेर काढून ओट्यावर उभे. बालाजीनं धुतलेला सदरा घातला होता. मुठीवर बेगम, तिच्या पायात घुंगरू.

थोरल्या बाईंनी त्याला हाक मारली. "ये बाळा. अरे, हे हातात काय? चामडं?"

"मोजा हाय, आई. अन् पायात वादी."

"पूजेत चामडं चालत नाही रे. पट्टे काढले ना सगळ्यांनी." त्या रागावल्या नाहीत. स्वतः पुढं आल्या. पूजेच्या ताटातला लाल-पिवळा दोरा घेतला आणि बालाजीला वादी सोडायला लावून त्या दोऱ्याचे दोन वेढे बेगमच्या पायाला बांधले. दुसरं टोक त्याच्या मनगटाला. मोज्याच्या जागी हातावर पिवळा रुमाल गुंडाळला. बेगमला हळदीचं बोट लावलं. "आता कशी देवीची दिसते."

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडावर ओढला.

एवढ्यात फाटकातून पिंजरा घेऊन एक माणूस आला. देगलूरच्या पलीकडचा, तेलुगू बोलणारा. आमच्या भागात दसऱ्याला नीळकंठ पाहणं शुभ मानतात. असे लोक नीळकंठ धरून दारोदार दाखवायला येतात. शेठनीच त्याला बोलावलं होतं. त्यानं "पालपिट्टा, पालपिट्टा!" असं नीळकंठाचं तेलुगू नाव घेत पिंजरा उघडला. पाखराच्या पायाला सूत बांधलेलं होतं. सगळ्यांनी हात जोडले. त्यानं सूत सैल धरून नीळकंठ वर उडवला.

नीळकंठ बसलेला असला की मातकट दिसतो. पंख उघडले की निळा. तो सुताच्या टोकाला, मुहूर्ताच्या तुरीवर, फडफडत राहिला.

मी त्या दिवशी ओरडले नव्हते. कोणीच ओरडलं नव्हतं. पण सुताला बांधलेलं पाखरू फडफडलं की काय करायचं, हे बेगमला बालाजीनंच शिकवलं होतं.

दोरा कधी तुटला ते दिसलं नाही. निळं आणि राखाडी असं एकच काहीतरी तुरीवर पडलं. नीळकंठ एकदा ओरडला. मग बेगमनं पंख पसरून त्याला झाकून घेतलं आणि मान खाली घातली. नऊ दिवसांची भूक होती ती. तिथं जमलेल्या माणसांपैकी कोणाकडेही तिनं पाहिलं नाही.

हळद-कुंकवाच्या तुरीवर रक्त पसरलं. थोरल्या बाई हात जोडलेल्याच खाली बसल्या. एक आडत्या म्हणाला, "अरे रे रे, दसऱ्याच्या दिवशी..." आणि चपला घालायला वळला. पक्षी आणलेला माणूस सूत हातात धरून तेलुगूत रडत होता. शेठ आवाज चढवून बोलले नाहीत. बालाजीकडे न बघता म्हणाले, "मी सांगितलं होतं."

मुकादमानं तूर ओढायचं लाकडी फावडं फेकलं. ते बेगमला लागलं नाही. ती उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. पायाला तुटका लाल दोरा, चोच लाल. बालाजीनं हात पुढं केला. ती त्याच्या हाताकडे बघत होती. मुकादमानं तिथं उभ्या असलेल्या एका लहान पोराच्या गळ्यातली गलोल घेतली आणि खडा शोधायला लागला.

तेव्हा बालाजी खाली वाकला, एक ढेकूळ उचललं आणि स्वतःच तिला मारलं. टाकीच्या पत्र्यावर ते फुटलं. ती थोडी सरकली, पुन्हा त्याच्या हाताकडे बघायला लागली. त्यानं दुसरं मारलं. "जा!" मग तिसरं, पंखाला लागलं. मग ती गेली.

तो ओट्यावरून खाली उतरला. रुमाल सोडून घडी केला आणि थोरल्या बाईंच्या पायाशी ठेवला. फाटकाबाहेर गेला. मी फाटकापर्यंत आले. तो रस्ता ओलांडून सरळ चिंचेखाली गेला. तिथं हुकांना हार घालून टोळी बसली होती. दुपार व्हायची होती अजून.

रक्ताची तूर आम्ही बायांनी ओंजळीनं वेचून काढली. थोरल्या बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. सगळे पांगल्यावर मला म्हणाल्या, "काय गं, त्या पाखराला भूक होती का?" मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या गावाकडे गेल्या, मिलवर पुन्हा आल्या नाहीत. विहारात बसले तेव्हा माझ्या निऱ्यांत एक निळं पीस निघालं.

शेठनी मुकादमाला सांगून ठेवलं, ते पाखरू परत आवारात दिसलं तर पाडायचं. मुकादमाच्या खिशात गलोल राहू लागली. दुसऱ्या दिवशी बालाजी टोळीबरोबर आमच्याच मिलमध्ये ट्रक भरायला आला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "मावशे, ओरडू नको. तू ओरडलीस तर ती येणार."

मग मी ओरडणं सोडलं. तेलाचा रिकामा डबा घेतला आणि काठीनं वाजवायला लागले. पारवे दोन दिवसांत डब्याला सरावले. मुकादम म्हणायचा, "गयाबाई, दसऱ्यापासून तोंड शिवलंय का?" मी हसायचे. दोनदा मजुरी कापली. पारवे खात राहिले. बेगम रेल्वेच्या बाजूच्या बाभळींत असायची, कधी लांबून दिसायची. लाल दोरा गळून गेला असावा.

त्यानंतर काही वर्षांनी मिलमध्ये ड्रायर आला. आता तूर लोखंडी खोलीत गरम हवेनं वाळते, पाऊस असो की ऊन. ओट्यावर ट्रक उभे असतात. राखणीचं काम संपलं. मला आत निवडणीला बसवलं, तिथूनच मी घरी आले. किसन वारला. शेठ सकाळी पारव्यांना ज्वारी टाकतात, अजून. बालाजी अजून टोळीत आहे. तिशी ओलांडली नसेल, पण हाक मारली तर त्याला मान वळवता येत नाही, सगळा खांदा वळवावा लागतो. दोन पोरी आहेत. रस्त्यात भेटला की "मावशे, बरी हायस का" म्हणतो. पाखराचा विषय तो काढत नाही, मीही नाही.

पण एकदा त्यानं काढला होता. त्याच थंडीत, दसऱ्यानंतर महिना-दीड महिन्यानं. दुपारची वेळ, मुकादम जेवायला गेला होता. बालाजी पोतं पाठीवर घेऊन ओट्याच्या कडेनं फळीकडे चालला होता. अजून सराव नव्हता, पाय थरथरत होते. पोत्याखाली हमालाला वर बघता येत नाही. त्याला स्वतःच्या पायांपुढची हातभर जमीन दिसते, तेवढीच. तो माझ्यापाशी थांबला.

"मावशे."

"काय रे?"

"एकदा ओरड. एकदाच."

"नको बाबा."

"मुकादम न्हाई. ओरड ना. ती जिती हाय का बघतो फक्त."

मी पदर तोंडावर धरला आणि हाळी दिली. इतक्या दिवसांनी घसा फुटल्यासारखा झाला. हुर्रर्र हाऽऽ. शेवट तोडला.

बाभळीतून ती निघाली. भिंतीवरून आली, तुरीवरून आली, सरळ आमच्याकडे. बालाजीचे दोन्ही हात डोक्यामागं पोत्याला होते. ती त्याच्यावर आली, बसायला मूठ शोधली, एक फेरी मारली. दुसरी मारली. तिच्या छातीवर चांगलं मांस आलेलं होतं, ते मला खालून दिसलं. मग ती भिंतीपलीकडे गेली.

बालाजी खाली बघत उभा होता. घाम नाकावरून सिमेंटवर टपकत होता.

"आली का?"

मी म्हटलं, "न्हाई रे. इसरली ती."

"सावली गेली की आत्ता पायातनं."

"पारवा असंल."

त्यानं पोतं वर सरकवलं.

"पारव्याची सावली अशी नसती, मावशे," तो म्हणाला, आणि फळी चढू लागला.